गरुडाचा एक्सरे

माझ्या मामांनी एकतीस वर्षं माणसांचे फोटो काढले आणि त्यातला एकही कुणी भिंतीवर लावला नाही. मामा सरकारी दवाखान्याच्या तळघरात एक्सरे काढायचे. जाड पडद्यामागून "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" एवढंच बोलत त्यांची नोकरी संपली. शहरात त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण 'ते रोखून धरा' म्हटलं की माणसं ओळखायची. बाजारात मामा समोर आले की लोक आपोआप छाती पुढे काढून उभे राहतात असं मामी सांगते. मामीच्या सांगण्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना कॅमेरा दिला. खरं तर भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं, पण आधी निवृत्त झालेल्या तिघांची घड्याळं महिनाभरात बंद पडली आणि ते तिघे रोज दवाखान्यात येऊन तक्रार करू लागले. कॅमेऱ्याची तक्रार कुणी घेऊन येत नाही, कारण तो कसा चालतो हेच कुणाला कळत नाही.

पहिला महिनाभर मामांनी घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. नळ, खुर्च्या, आणि मामीची पाठ. पाठच, कारण कॅमेरा दिसला की ती वळायची. शेवटी तिनंच त्यांना पक्षी छायाचित्रण मंडळात नेऊन बसवलं.

हे मंडळ दर रविवारी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर भरे. दंतवैद्य हेच अध्यक्ष. त्यांच्या कॅमेऱ्याची भिंग-नळी इतकी लांब होती की बैठकीत तिच्यासाठी वेगळी खुर्ची असायची आणि नवे सभासद उभे राहायचे. पहिल्याच रविवारी अध्यक्ष संयमावर पाऊण तास बोलले. चहाला पाच मिनिटं उशीर झाला, तेव्हा मधेच दोनदा जिन्यात जाऊन ओरडून आले. मग त्यांनी जाहीर केलं की यंदाच्या प्रदर्शनाचा विषय गरुड.

हिवाळ्यात शहराबाहेरच्या शेतांवर गरुड उतरतात. पिकं निघालेली असतात, जमीन नांगरली जाते, उंदीर उघडे पडतात आणि लांबून आलेल्या पाहुण्यांची सोय होते. मामा रोज सकाळी धुक्यात जुनी गाडी घेऊन निघू लागले. मामीही सोबत जायची. "आयुष्यभर दुसऱ्यांची मोडलेली हाडं पाहिली, आता चरात पडून स्वतःची मोडून घेतील," असं कारण तिनं आम्हाला दिलं.

तीन आठवड्यांत मामांनी गरुडाचे चारशे फोटो काढले. ते त्यांनी एका शेतमालकीण बाईंना मोठ्या अभिमानानं दाखवले. बटाट्याचं मोठं शेत त्यांचं, आणि त्या स्वतःच ट्रॅक्टर चालवायच्या. बाईंनी ट्रॅक्टर बंद न करता सगळे पाहिले.

"छान आलेत," त्या म्हणाल्या. "पण या घारी आहेत."

"सगळ्या?"

"हे एक बुजगावणं आहे. बाकी घारी. शेपटीला खाच दिसते ना, ती घार. गरुड असा गरगर फिरत नाही. तो झाडावर लग्नात मान न मिळालेल्या काकांसारखा रुसून बसतो. माझ्या नांगरामागे या, दाखवते."

दुसऱ्या दिवसापासून मामांची गाडी बांधावर आणि बाईंचा ट्रॅक्टर शेतात, अशी व्यवस्था सुरू झाली. गरुड मात्र दिसला तो मामीला. ती तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. शेवटच्या बाकावर कोण काय लपवतंय हे फळ्याकडे तोंड असताना तिला कळायचं. अर्ध्या कोसावरच्या झाडात बसलेला पक्षी तिच्यापासून काय लपणार? ती विणकामावरून नजर न उचलता म्हणायची, "तिसरं झाड, डावी फांदी." मामा भिंग फिरवायचे आणि तिथे खरोखर रुसलेले काका बसलेले असायचे. मंडळानं मामांचं 'तीक्ष्ण नजर' म्हणून कौतुक केलं. मामीला सभासदत्व मिळालं नाही, कारण तिच्याकडे कॅमेरा नव्हता.

मग तो शनिवार आला. मामा-मामी बांधावर होते, तेवढ्यात पलीकडच्या डांबरी रस्त्यावर अध्यक्षांची गाडी थांबली. त्यांच्या चालकानं पिशवीतून सोललेली कोंबडी काढली आणि रस्त्याच्या मधोमध ठेवली. अध्यक्षांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं. संयमाचं पाऊण तासाचं भाषण असं बारा मिनिटांत उरकलं, कारण गरुड उतरला. पंख पसरून, पाय पुढे टाकून, अगदी हवा तसा. अध्यक्षांचा कॅमेरा शिवणयंत्रासारखा वाजत राहिला.

धुक्यातून दुधाची गाडी आली. चालकाला पक्षी दिसेपर्यंत उशीर झाला होता. गरुड उडाला, पण पुरता नाही. डाव्या पंखाला धक्का लागला आणि तो रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडला.

मामा धावत पोचले, तेव्हा अध्यक्ष तिकाटणं मिटत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "मी थांबलो असतो. पण साडेअकराला मला एक अक्कलदाढ काढायची आहे."

कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. स्वतःचीच असावी, असं मामीचं मत आहे.

मामी चरात उतरली. अंगातला लोकरीचा कोट काढून तिनं गरुडाच्या डोक्यावरून टाकला, पाय कोटासकट घट्ट धरले आणि त्याला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. "गप्प बस आता," एवढंच तिनं त्याला सांगितलं. तो गप्प बसला. तिच्यापुढे मोठमोठे शिक्षणाधिकारी बसलेत.

गुरांच्या डॉक्टरांनी पंख चाचपला आणि एक्सरे हवा म्हणाले. त्यांचं यंत्र बिघडलं होतं. दुरुस्तीवाला येणार होता, गेल्या वर्षी. मामांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. मग आयुष्यात एकही नियम न मोडलेला हा माणूस म्हणाला, "चला माझ्याकडे."

तळघरात मामांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी आता त्यांच्या जागेवर होती. तिनं कोटाकडे पाहिलं, कोटातून बाहेर आलेल्या नख्यांकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे ओढला.

"सर, वय लिहावं लागतं."

"प्रौढ लिही."

"आणि नातेवाईक?"

"माझं नाव घाल," मामी म्हणाली.

मामांनी गुरांच्या डॉक्टरांकडून पंख टेबलावर पसरून धरवला, पडद्यामागे गेले आणि सवयीनं म्हणाले, "रोखून धरा." रुग्णानं ऐकलं नाही. एकतीस वर्षांत असे पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्या प्रयत्नात एक्सरे आला, इतका स्वच्छ की नव्या मुलीनं तो दिव्यापुढे दोनदा धरून पाहिला. पंखातल्या दोन हाडांपैकी जाड हाड मोडलं होतं, बारीक शाबूत होतं. गुरांचे डॉक्टर खूश झाले. शाबूत हाडाच्या आधारानं मोडलेलं जुळतं म्हणाले. पंख बांधला. वनखात्याचा माणूस आला, अर्जाच्या तीन प्रती घेतल्या, गरुडाला दारातूनच पाहिलं आणि प्रकृती समाधानकारक असल्याची नोंद करून गेला.

प्रदर्शनात अध्यक्षांच्या 'सम्राटाचं अवतरण' या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक त्यांचे साडू होते. पण निवड निःपक्षपाती होती, असं स्वतः साडूंनीच जाहीर केलं. फोटोत कोंबडी नव्हती. ती खालून कापली होती, म्हणजे दुसऱ्यांदा.

त्याच्या शेजारी मामांनी एक्सरे लावला होता, मागे दिवा ठेवून. खाली लिहिलं होतं : 'शेजारच्या फोटोतला गरुड. तोच दिवस, दुपारी एक वाजता.'

"हे छायाचित्रण नव्हे," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"खरं आहे," मामाही हळूच म्हणाले. "तुमचं कुठून सुरू होतं आणि कुठं कापलं जातं, ते मला अजून नीट समजलेलं नाही."

एवढ्यावर मिटलंही असतं. पण शाळेच्या मुलींचा एक घोळका एक्सरेपुढे जमला होता, त्यातल्या एकीनं "हे कशामुळे झालं?" असं विचारलं, आणि मामी जवळच उभी होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मामीनं कधी अर्धवट उत्तर दिलेलं नाही. तिचा वर्गातला आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्या दिवशी तो जिन्यापर्यंत गेला. कोंबडी, रस्ता, दुधाची गाडी, अक्कलदाढ, सगळं क्रमानं आलं. बक्षीस अध्यक्षांकडेच राहिलं. मामांचं सभासदत्व गेलं. मंडळानं नियमावलीत कलम घातलं की यापुढे हाडांची चित्रं स्वीकारली जाणार नाहीत. कोंबडीबद्दल कलम नाही. सगळ्याच गोष्टी लिहून ठेवायच्या नसतात.

गरुड आठ आठवडे बंदिस्त राहिला, त्यातले शेवटचे तीन बाईंच्या बटाट्यांच्या रिकाम्या गोदामात. तिथे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायला शिकला. आधी भिंतीवर आदळला, मग तुळईवर बसू लागला. मामा रोज जायचे, लांब बसायचे. तो त्यांच्याकडे उपकाराची जाणीव असल्यासारखा अजिबात पाहत नसे. मामांना हे फार आवडलं. बरे झालेले रुग्ण ओळख दाखवू लागले की ते संकोचायचे.

सोडायच्या दिवशी बाईंनी गोदामाचे दोन्ही दरवाजे उघडले. तो बराच वेळ चालत बाहेर आला, कोंबड्यासारखा, अगदी विनोदी दिसत. मग वारा आला आणि तो उठला. शेताच्या टोकाच्या झाडांवरून गेला तेव्हा डावा पंख जरा कमी वळत होता. मामांनी कॅमेरा नेला होता, पण तो मामीच्या हातात होता, कारण मामांना दोन्ही डोळ्यांनी पाहायचं होतं. तिनं एकच फोटो काढला. त्यात आकाश आहे, एक काळा ठिपका आहे आणि खालच्या कोपऱ्यात मामांचं टक्कल.

पुढच्या हिवाळ्यात गरुड पुन्हा आले. त्यातला एखादा तोच होता का, हे मामा सांगत नाहीत. इतक्या लांबून सांगता येत नाही म्हणतात, आणि जवळ जाऊ देत नाहीत. बाईंचा फोन सकाळी साडेसहाला येतो, "दोन आलेत, ओढ्याकडच्या शेतात." तोवर मामी गाडीत बसलेली असते. नवा कोट घालून. जुना पुन्हा घालण्यासारखा राहिला नाही.