जर्मनीतल्या देवीचा तपास

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एकच तपास केला. पोलीस ठाणे, हवालदार, डायरी यांपैकी काहीही हाताशी नसताना केलेला तो तपास मी अजून विसरलेलो नाही.

मी आणि पत्नी तेव्हा जर्मनीत, वाल्डॉर्फला लेक-जावयाकडे होतो. शेजारी लॅटिनचे एक निवृत्त, एकटे राहणारे शिक्षक होते. कानाने जरा अधू. शनिवारी त्यांनी आम्हा चौघांना कॉफीला बोलावलं. शेल्फावर वीतभर उंचीची काशाची देवी होती. इटलीत रोमन लोकांच्याही आधी एत्रुस्कन नावाचे लोक होते, ते नवस फेडायला देवळात अशा मूर्ती वाहत. ही वडिलांकडून आलेली, रीतसर कागदपत्रांसह, असं त्यांनी सांगितलं. मग आम्हाला बाग दाखवायला नेलं. पत्नी पाय दुखतात म्हणून आतच बसली.

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता ते दारात उभे. जावयाशी जर्मनमध्ये बोलले आणि गेले. जावई पांढराफटक.

"बाबा, मूर्ती गायब आहे. कालपासून त्यांच्याकडे दुसरं कुणी आलेलं नाही. बारापर्यंत सापडली नाही तर पोलिसांना फोन करणार."

लेकीने डोक्याला हात लावला. "आमचा आइनब्युर्गरुंगचा अर्ज आत आहे हो बाबा! नागरिकत्व मागायचं आणि घरात चोरीची चौकशी?"

मी चष्मा पुसला, वही घेतली आणि जबाब सुरू केले. पहिला संशयित जावई. काल बागेतून मध्येच तो फोन घ्यायला आत गेला होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि जुन्या सवयीने काही न बोलता नुसता बघत राहिलो. दोन मिनिटांत त्याला घाम फुटला.

"सांगतो. मागच्या रविवारी मी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकल्या. रविवारी आवाज करायला बंदी असते, मला माहीत होतं."

"आणि मूर्ती?"

"मूर्तीचं मला काहीच माहीत नाही हो!"

लेकीला बसवलं. तिने शेजाऱ्यांची कुंडी आपल्याच गाडीने फुटल्याचं कबूल केलं. पावणेदोन तासांत दोन गुन्हे उघड झाले, मुद्देमाल मात्र शून्य. पावणेबारा झाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. "अहो, या घरात चिंच कुठे ठेवतात?"

"चिंच कशाला?"

"देवी घासायचीय. किती काळी पडलीय बिचारी!"

आम्ही तिघेही धावलो. तिथल्या देवघरात, आमच्या अन्नपूर्णेशेजारी, ती एत्रुस्कन देवी उभी. पुढे जास्वंद, खालच्या लाकडी बैठकीला कुंकू.

"अगं, ही चोरी आहे!"

"चोरी कसली? विचारून आणलीय. ते शाल द्यायला आत आले होते. मी मूर्तीकडे हात करून म्हटलं, पूजेला नेऊ का? ते हसून म्हणाले, जा, जा. मग शालीत गुंडाळली आणि आले."

जावई मटकन खाली बसला. "आई, जर्मनमध्ये जा म्हणजे हो. त्यांना मराठी कुठे कळतंय, नीट ऐकूही आलं नसेल, नुसती मान डोलावली असेल!"

बाराला पाच कमी असताना आम्ही चौघे मूर्ती घेऊन त्यांच्या दारात गेलो. जावयाने सगळं ओरडून सांगितलं. चिंचेचं ऐकून म्हाताऱ्याने छातीला हात लावला. तो हिरवट काळा थर दोन हजार वर्षांहून जुना, तोच तिचा दागिना, म्हणाले. मग त्यांनी बैठकीवरचं कुंकू निरखून बघितलं.

"हिला शेवटचं फूल कुणी वाहिलं असेल, कोण जाणे," ते म्हणाले. त्यांनी कुंकू पुसलं नाही. पत्नीला मात्र दर शुक्रवारी फूल घेऊन यायचं आमंत्रण दिलं.

सेवेत असताना मला वाटायचं, माणूस घाबरला की खरं बोलतो. बोलतो, पण आपल्याला हवं तेच खरं बोलेल असं नाही. आणि ज्याच्या मनात खोट नसते तो आपण होऊन सांगायला येत नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नसतं. त्या सकाळी मी दोघांना धारेवर धरलं, पण स्वयंपाकघरात जाऊन बायकोला एक साधा प्रश्न विचारला नाही. खरं सांगायचं तर, तिचा जबाब घ्यायची हिंमत माझ्यात वर्दीत असतानाही नव्हती.