चौगुले सरांचा ब्लॅक बेल्ट आणि बोरगावची माती

कराटे क्लासला गेलं की दोन गोष्टी साठतात. अंगावर निळे डाग आणि तोंडात किस्से. डाग आठवडाभरात जातात, किस्से काही जात नाहीत. आमच्या निपाणीच्या क्लासचे तर इतके झालेत की पोट कमी करायला गेलेला मी आता निव्वळ ऐकवायला जातो.

*

सगळं सुरू झालं बोरगावच्या जत्रेत. आमचे चौगुले सर स्टेजवर कौलं फोडून दाखवत होते. टाळ्या पडल्या तसा सरांना हुरूप आला. माईक घेऊन म्हणाले, "मला कुणीही, कुठूनही धरा!"

खाली सद्या नावाचा तालमीतला पैलवान भजी खात उभा होता. त्यानं हात विजारीला पुसले, वर चढला, सरांचे दोन्ही पाय उचलले आणि सरांना अलगद उताणं ठेवलं. मग उरलेली भजी संपवायला खाली गेला.

दुसऱ्या दिवशी निम्मा क्लास गायब. सरांनी फार मनाला लावून घेतलं. पुढच्या जत्रेत सद्यानं परत पाडलं तर क्लासचा बोर्ड उतरवणार, असं त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं. आम्ही लाईक केलं. दुसरं काय करणार?

*

पकडीतून सुटायचं तर कुस्तीच शिकायला हवी, हे सरांना पटलं. पण माणूस कसा, तर थेट सद्याच्याच वस्तादांना घेऊन आला! सत्तरीचे आप्पा दर रविवारी बोरगावहून बसनं यायला लागले.

पहिल्या दिवशी आम्ही जोरात ओरडून हवेत बुक्क्या मारत होतो. आप्पांनी जरा वेळ बघितलं.

"धरायच्या आधीच वरडायलायसा. धरल्यावर काय करणार?"

*

ब्लॅक बेल्ट मिळवायला सरांची उमेदीची वर्षं गेली होती. आप्पांनी तो हातात घेऊन चाचपला आणि खूश झाले. म्हणाले, "हे बेस केलंयसा. धराय मूठच लावून दिलीया."

आणि त्याच बेल्टला धरून त्यांनी सरांना उचललं. तेव्हापासून रविवारी सरांचा बेल्ट कपाटात असतो.

*

मग आप्पांनी टेम्पोभर तांबडी माती आणवली. तिच्यात ताक, तेल, हळद घातली. आमचे पांढरेशुभ्र ड्रेस पहिल्याच रविवारी विटकरी झाले. क्लासला नवीन भरती झाली ती फक्त मुंग्यांची.

पोरांच्या आया भांडायला आल्या. त्यांच्यात आमच्या सौभाग्यवतीही होत्या. माझा ड्रेस सरांसमोर झटकून म्हणाल्या, "कपड्याचा रंग गेला, पोट हाय तितं हाय!"

*

जत्रा आली. अट एवढीच, शिट्टी होईस्तोवर सरांनी पडायचं नाही. अख्खं बोरगाव लोटलं होतं. आप्पा आखाड्याच्या कडेला बसलेले. एक चेला तालमीतला, एक रविवारचा. ते कुणाच्या बाजूचे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

सद्या पायात घुसायचा. सर लगेच कंबर मागं टाकून त्याच्या पाठीवर भार द्यायचे. आप्पांनी हेच घोटून घेतलं होतं. असं बराच वेळ चाललं. सर घामानं निथळत होते, पण उभे होते.

शेवटी शेवटी सद्याला सरांचा एक पाय सापडलाच. सर एका पायावर नाचायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर बोर्ड उतरताना दिसला.

तेवढ्यात आप्पा कडाडले, "बूड मागं!"

सरांनी कंबर मागं टाकली. आणि सद्यानंही टाकली! लहानपणापासून आप्पांच्याच हाताखाली वाढलेला गडी तो. हातातला पाय सुटला. दोघं ओणवे होऊन एकमेकांकडे बघत राहिले आणि शिट्टी झाली.

आम्ही सरांना खांद्यावर घेतलं. खरं सांगतो, मला रडू आलं.

सद्या तणतणत आप्पांसमोर आला. "आप्पा, कुणाला वरडलासा तुमी?"

आप्पा धोतराची माती झटकत उठले.

"ज्येनं ऐकलं, त्येला."