नाडी खाली येईना

थोरल्या भावाला स्टेंट बसवला, त्यानंतर आठ दिवसांनी त्याचा निरोप आला, "तूही तपासून घे."

वाटणीत त्यानं बोअर असलेलं दुकान घेतलं आणि मी उदगीरच्या बाजारात पोत्यावर बसून तुरीचा धंदा उभा केला. त्या वर्षी तर दुष्काळ होता. त्याच्या दारात पाणी, माझ्या दारात टँकरची वाट. तो निरोप मला टोमणाच वाटला. पण वडील पन्नाशीत, जेवता जेवता गेले होते. बायको म्हणाली, "भांडण नंतर करा. मी लातूरचा नंबर लावलाय."

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन होता. छातीत दुखायच्या आधीच अडथळा दिसतो म्हणे.

माझा नंबर अकरावा आणि दोनची गाडी गाठायची. आईला घेऊन आलेला किल्लारीचा एक शेतकरी तिसऱ्या नंबरावर होता.

"पाव्हणं, नंबर बदलता का?"

"मला काय मिळंल?"

"ही कूलरपुढची जागा. म्हातारीला बरं."

सौदा झाला. आमच्या बाजारात चहा झाल्याशिवाय सौदा पक्का धरत नाहीत. टपरीवर दोन-दोन कप झाले. तिथं नव्या जिल्ह्याचा विषय निघाला. "उदगीर जिल्हा झाला तर नळाला पाणी येणार हाय का?" असं तो म्हणाला आणि मी तावातावानं भांडलो.

आत मशीनवरच्या मुलीनं छातीला वायरी लावल्या.

"काका, नाडी शंभर. पासष्टच्या आत लागते, नाहीतर चित्र हलतं. चहा घेतला?"

"दोन."

"कालपासून घ्यायचा नाही, कागदावर लिहिलं होतं ना?"

"तो सौद्याचा चहा होता."

"आता गोळी घ्या आणि शांत बसा."

"ऐंशीवर जमवा की."

"काका, इथं भाव होत नाही."

शांत बसणं मला कधी जमलंच नाही. बायकोनं पाय हलवू नका म्हणून गुडघा दाबून धरला. नाडीला जरा उतार पडला की भाऊ आठवायचा. तपासलं की परत वर. "मनात कुणाशी बोलताय?" तिनं विचारलं. दोनची गाडी गेली. अकरा नंबरवाली म्हातारीसुद्धा मोकळी होऊन निघून गेली. जन्मभर समोरच्याला थकवून भाव पाडला, इथं माझंच काळीज ऐकेना. वडिलांचंही असंच पळत होतं का, ही धास्ती तेवढ्यात शिरली.

चारच्या सुमारास एकदाचं जमलं. "श्वास रोखा," मशीन म्हणालं. हातात टोचलेल्या औषधाची गरम लाट अंगभर गेली.

डॉक्टरांनी पडद्यावर एका वाहिनीतले पांढरे ठिपके दाखवले. "सुरुवात आहे. आता कापाकापी नको. गोळी रोज, चालणं रोज. उशीर केला असता तर वेगळं बोललो असतो."

"ठिपके कमी होतील?"

"वाढू द्यायचे नाहीत, एवढं तुमच्या हातात आहे. आणि हे घराण्यात दिसतंय. भावाच्या मुलांनाही तपासून घ्यायला सांगा."

बाहेर येऊन मी बायकोला भावाचा नंबर लावायला सांगितलं. भावाशी स्वतःहून बोललो त्याला वर्षं झाली होती.

"मला सुरुवात निघाली. तुझ्या पोरांना तपासून घे."

तो म्हणाला, "टोमणा मारायलास का?"

माझं डोकं सटकलं. पण फोन ठेवला नाही. कुठं जायचं, आदल्या दिवसापासून काय प्यायचं नाही, सगळं त्याला ओरडूनच सांगितलं.