आईला लागलेली भिशी

परवा हातखंब्याजवळ काजू भाजल्याचा उग्र धूर नाकात गेला आणि ऐंशीच्या दशकातली आमची पडवी आठवली. वाडीतल्या बायकांची भिशी त्या महिन्यात आईला लागली होती. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. पण शेजारच्या सुलभाकाकूंच्या नवऱ्याची मुंबईतली गिरणी बंद पडली होती आणि काकूंना काजू भाजून विकायचे होते. आईने पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

"वैनी, व्याज किती?" काकूंनी खाली बघत विचारलं.

"आपल्यात कसला गो व्याज? जमेल तसे दे."

मला आईचा राग आला होता. आता वाटतं, तिने फार विचार केलाच नसावा. काकूंनी सगळे पैसे फेडले. पुढे त्यांना भिशी लागली, तेव्हा ती त्यांनी सुकी मासळी विकू पाहणाऱ्या एका विधवेला दिली.