दारात उभ्या राहिलेल्या अक्का

डॉ. सुलोचना अक्कांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. कॉलेज मध्येच सोडून मी जामनेरजवळच्या आमच्या गावी गायी पाळायला लागलो होतो. आजारी वासरू घेऊन त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तर ओळीतला जो तो मायेने त्याच्या तोंडावरून हात फिरवू लागला. अक्कांनी वासरू लांब निंबाखाली बांधायला लावलं आणि बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांनाच, हात धुवायला. मी तापलो. म्हटलं, "लोक माया करतात, त्यात धुवायचं काय?"

"माया घरी न्या. लाळ इथंच ठेवा," अक्का म्हणाल्या.

आपल्याकडे आजारी जनावर बघायला अख्खी गल्ली येते, हात फिरवते आणि तशीच आपापल्या गोठ्यात जाते. अक्का आयुष्यभर या चांगुलपणाशी भांडत आल्या. प्रत्येक गोठ्याबाहेर बूट सोड्याच्या पाण्यात धुतात, मगच गाडीला किक मारतात.

आता माझी गोष्ट. एका मुलीवर माझा जीव आहे. नाव इथे लिहीत नाही. तिचे वडील, नाना, धुळ्याकडचे, गायीवाले. ते आमचं घर बघायला येणार होते, आणि आमच्याकडे पाहुणा आधी गोठ्यात जातो. त्याच सकाळी आमच्या गायीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, ती लंगडू लागली. लाळ्या-खुरकूत. आई म्हणाली, "मागच्या खोलीत बांध, कोणाला कळतंय?"

अक्कांना बोलावलं होतंच. नाना आले तेव्हा त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"इतला दूरथीन उनू, आन् माले दारमाच उभा करतस?" एवढ्या लांबून आल्यावर दारातच अडवलं म्हणून नाना चिडले.

"नाना, तुमच्या घरी गायी आहेत. तुमच्या पायाला लागून आजार तिकडे जाईल. परत जा."

"पोरगा काय लपाडी राहिना?"

"लपवायचं असतं तर मी इथं उभी राहिले असते का?"

नाना पाणीही न पिता गेले. मी अक्कांना नाही नाही ते बोललो. त्या गुडघा धरून खाली बसल्या आणि गायीचे खुर धुवायला लागल्या.

आमची गाय सावरली. नानांचं उत्तर मात्र अजून नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो. ती सांगते, "अक्कांचं ऐकून बाबांनी सगळ्या गायींना लस टोचून घेतली." नानांच्या गोठ्यात आजार गेला नाही. तो गेला असता तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं, हा विचार रात्रंदिवस छळतो.

अक्का, तुमची साठी झाली. गुडघे सांभाळा, शंभरी गाठा, आम्हाला असंच रागवत राहा. आणि नाना कधी पुन्हा आलेच, तर त्यांना आत तुम्हीच घेऊन या. माझ्या बोलण्यावर त्यांचा भरवसा बसेल की नाही, सांगता येत नाही. तुमच्यावर बसलाय.