सव्वाचारची चावी

बंद पडलेल्या घड्याळाचे काटे घड्याळवाले चाचा कधी हातानं फिरवत नसत. दुरुस्ती संपली, की घड्याळ जिथे थांबलं असेल ती वेळ येईपर्यंत नुसते बसून राहत. मग चालू करत. "गेलं त्याच वेळेला परत येऊ दे," म्हणत. खालापुरात याला सगळे हसत. घड्याळं मात्र त्यांच्याकडेच देत.

आत्यानं त्यांना बोलावलं ते काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, मोटारीतल्या घड्याळासाठी. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी ती मोटार पळसदरीच्या रस्त्यावर, एका वळणावर कडेच्या खोल खड्ड्यात गेली. काका दिवेलागणीला सापडले, तेव्हा जीव नव्हता. मोटार बऱ्याच दिवसांनी वर काढली. घड्याळ सव्वाचारवर थांबलं होतं. तेव्हापासून आत्याचं एकच विचारणं, "ते लगेच गेले, की मी इथे तांदूळ निवडत होते तोवर वाट बघत पडले होते?"

चाचांनी ओसरीवर घड्याळ उघडलं. मला हळूच म्हणाले, "चावी संपून थांबलंय गं. नंतर, कुठल्यातरी दिवशी. यातून काय कळायचं नाय." मग आत्याकडे वळले. "बाई, धक्क्यानंच थांबलंय. सायबांना कळलंबी नसंल." त्या दिवशी आत्या पोटभर जेवली.

सव्वाचारला घड्याळ सुरू झालं. पण "टेबलावर चाललं त्याचं काय नाय, गाडीत चालंल ते खरं," हा चाचांचा दुसरा हट्ट. लढाई चालू, पेट्रोल कुठलं? दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर घड्याळ मोटारीत बसवून तिला बैल जुंपले. गाडीवान गणू म्हणाला, "चाचा, बैलांना हॉर्न शिकवा की."

"आदी तू गप बसायला शिक रं."

मी मागे बसले होते. इंजिनाचा आवाज नाही, नुसती टिकटिक.

त्या वळणावर टिकटिक थांबली. गणूनं न सांगता बैलही थांबले. काटे सव्वाचारवर होते. चाचांनी चावी फिरवून पाहिली; ती भरलेली होती. बराच वेळ ते घड्याळाला कान लावून बसले.

"मी बाईंना खोटं सांगितलं ना," ते म्हणाले, "ते यानं खरं केलं."

पुन्हा त्यांनी ते उघडलं नाही. निघताना मला एवढंच म्हणाले, "रविवारची चावी चुकवू नको गं."

चाचा गेले, आत्या गेली. मोटार विकली, घड्याळ मी ठेवून घेतलं. रविवारच्या कामांत त्याला पुरती चावी देणं पहिलं. काटे सव्वाचारवरून आजवर हललेले नाहीत. चावी मात्र दर रविवारी संपलेली असते.