याडीची गाडी

आमचा तांडा धावड्याच्या शिवारात. दिवाळी झाली की सगळे ऊसतोडीच्या फडावर जायचे, तांडा रिकामा व्हायचा. बाप ऊस तोडायचा, आई मोळ्या डोक्यावर घेऊन टायरगाडीपर्यंत वाहायची, आणि चिखलात गाडी रुतली की बैलांबरोबर चाकाला खांदाही लावायची. सहा महिने घर म्हणजे पाचटाची कोपी. मला त्यांनी फडावर नेलं नाही. भोकरदनच्या वसतिगृहात ठेवलं आणि माझ्या वाट्याचं कामही आईनंच ओढलं.

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. फडावर निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेत भेटायला आली. अंगावर फेटिया-काचळी, म्हणजे आमच्या बायकांचा घागरा-चोळी, फडक्यात बांधलेल्या बाट्या. बाटी म्हणजे आमची भाकर. ती फाटकात दिसली तशी मी हाक मारली, "याडी!" आमच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. व्हरांड्यातली पोरं फिदीफिदी हसली. एकानं लगेच चाल लावली, याडी आली, याडी आली. मास्तरही हसले. ते जास्त लागलं.

मी तिला लिंबाच्या झाडामागं नेलं आणि सांगितलं, इथं आपली बोली बोलू नको, मी तुला आई म्हणत जाईन. तिनं फडकं सोडलं. मंग भाकरी हातात दिल्या आणि गेली. त्यानंतर मी तिला घरीही आईच म्हणू लागलो. का, असं तिनं कधी विचारलं नाही.

पुढं मी बी.ए. झालो. आमच्या तांड्यावरचा पहिला. हे मी मान खाली घालून सांगत नाही. हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी लागली. एकदा वह्या तपासताना तांड्यावरच्या एका पोरीनं निबंधात लिहिलेलं दिसलं, 'सकाळी मी बाटी खाते.' मी लाल पेनानं बाटी खोडून वर भाकर लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही हातात घेतल्यावर त्या पोरीची मान खाली गेली, ती तास संपेपर्यंत वर आली नाही. ती मान माझ्या ओळखीची होती.

तेव्हापासून मी आमच्या बोलीचे शब्द वहीत टिपायला लागलो. सुट्टीत तांड्यावर जायचो. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाला ते पसंत नव्हतं. आपली बोली दुसऱ्याला समजत न्हाई, तेवढंच एक आपल्याजवळ आहे, तेपण तू बाजारात मांडून राह्यला, असं तो म्हणायचा. तरी मी टिपत राहिलो.

सगळ्यात जास्त शब्द आईनं दिले. गुरांचे, दागिन्यांचे, लग्नात नवरी गळ्यात पडून रडते त्या गाण्यांचे. नात्यांचं पान आलं तेव्हा तिनं सगळी नाती सांगितली, आपलं तेवढं सोडून. "ते तुला येतं," म्हणाली. या वह्यांतून होणारा कोश विषयवार होता. मी नात्यांचं पान सर्वांत आधी ठेवलं आणि त्याच्या माथ्यावर पहिला शब्द लिहिला, याडी.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा वह्या पुऱ्या झाल्या, तोवर तिला दम लागायला लागला होता. दोन पावलं चालली की बसायची. पुस्तक तिच्या हयातीत निघावं, एवढी एकच घाई मला होती.

जुन्या जालन्यात एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असलं काम. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे काका जुने माणूस, आपल्या हातून चूक जात नाही याचा त्यांना अभिमान. मी तीन वेळा प्रूफ वाचलं. पानं छापून झाली, शिलाई राहिली होती. एक प्रत हातानं टाचून घेतली आणि तशीच घरी आणली.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, यात मी कुठं आहे? मी तिचं बोट धरून पहिल्या शब्दावर ठेवलं. आणि मलाच दिसलं. तिथं छापलं होतं, 'गाडी – आई.'

तिला वाचता येत नव्हतं. मी पान उलटायला गेलो. पण माझी दुसरीतली लेक शेजारी बसली होती, तिनं मोठ्यानं वाचलं, "गाडी."

आई हसली, हसता हसता तिला ढास लागली. ती आमच्या बोलीत बोलली, मी मराठीत लिहितो. "गाडी? बराबर हाय. जल्मभर ओढलंच की मी."

याडीची गाडी केली म्हणून मी छापखान्यावर चिडून बोलू लागलो, तर तिनं थांबवलं.

"त्या माणसाला कायला बोलतो? पैल्यांदा तूच खोडला तो शब्द. लिंबाखाली."

इतक्या वर्षांत ती त्याबद्दल एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जालना गाठलं. काका उलट माझ्यावरच चढले. "गुरुजी, तीन प्रुफं वाचली तुम्ही अन् पैलाच शब्द चुकलेला. छापता छापता मी दुरुस्त केला. तुमची इज्जत राखली."

"गाडी म्हणजे आई, हे तुम्हाला खरं वाटलं?"

"तुमची बोली, मला काय ठावं? म्हणत असतील तुमच्यात. पण याडी असा शब्दच न्हाई."

मी म्हणालो, आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग म्हणा मोठ्यानं. मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाई."

पत्रिका छापायला आलेली माणसं बाकावर बसली होती. शाळेच्या त्या दिवसानंतर चार माणसांत तो शब्द मी उच्चारला नव्हता. मी म्हणालो. ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणालो, जोरात. बाकावरचा एक जण हसला. काका हसले नाहीत. त्यांनी 'य'च्या खान्यातून खिळा उचलला आणि पहिल्या पानांचा फर्मा पुन्हा जुळवायला घेतला.

आईला मी याडी म्हणायला लागलो, पण ते सहज झालं नाही. जीभ अडखळायची आणि ते तिला कळायचं.

कोश निघाला. पहिल्या पानावर पहिला शब्द याडी आहे, बराबर छापलेला. ती असतानाच निघाला.